कॉलेजच्या अर्जात वंश: कोर्टाने नक्की काय बंद केलं?

शेवग्याची_शेंग

लेक यंदा सीनियर, म्हणजे आपली बारावी. न्यू जर्सीत राहतो, सरकारी शाळा. ऑगस्टपासून कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) उघडून बसलोय. घरात कुकरच्या शिट्ट्यांपेक्षा "किती शब्द झाले?" हेच जास्त ऐकू येतं.

परवा एका मित्राकडे गणपतीला जमलो होतो. आरती संपून पंचखाद्य हातावर पडायच्या आत विषय अ‍ॅडमिशनवर गेला. तिघांनी तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. एक: २०२३ पासून रेस बघायला बंदी आहे, आता आपल्या मुलांना रान मोकळं. दोन: तरीही "एशियन"च्या चौकटीवर खूण करू नका, दिसलं की मागे टाकतात. तीन: निबंधात आजी, भारत, मराठी यातलं काही आणू नका, ते आता बेकायदा आहे.

तिसरं ऐकून लेकीचा चेहरा उतरला, कारण तिचा निबंध आजीवरच आहे. सासूबाईंची कानाची तपासणी झाली तेव्हा ही सोबत गेली होती. हेडफोन लावून एकेक इंग्रजी शब्द ऐकवतात आणि तो पुन्हा म्हणायचा असतो. "हॉटडॉग", "बेसबॉल", "साइडवॉक". सासूबाईंना आवाज येत होता, पण शब्दच ओळखीचे नाहीत. "साइडवॉक"ला त्या "साईबाबा" म्हणाल्या. रिपोर्टात आलं: ऐकणं बरंच गेलंय. लेकीला ते पटेना. तिने घरी बसून मराठी शब्दांची यादी केली, घागर, भाकर, चादर, मांजर असे दोन डझन, आणि पुढच्या वेळी तोंडावर कागद धरून आजीला स्वतः वाचून दाखवली. दोनच चुकले. तपासणाऱ्या बाईंनी ती यादी मागून घेतली.

हे लिहिणं बेकायदा कसं असेल? कुणी नीट सांगेल का? "आमच्या भाच्याला मिळालं" छापाचे अनुभवही चालतील, पण कायदा आधी.

गोंधळी_बाप

रुमाल टाकून ठेवतो. आमचा नंबर पुढच्या वर्षी.

बोस्टनचा_बंब

शेंगताई, मी वकील आहे, पण हा सल्ला नव्हे (ही ओळ लिहिल्याशिवाय आमचा हात चालत नाही). माझं काम इमिग्रेशनचं, तरी हा निकाल अल्पमतांसकट वाचलाय. दोनशेच्या वर पानं आहेत, त्यामुळे गणपतीच्या मंडपात तो कुणी वाचलेला नसणार हे गृहीत धरतो.

तिन्ही विधानांचा निकाल आधी देतो. पहिलं अर्धं खरं, दुसरं भीतीपोटी आलेलं, तिसरं साफ चूक.

तारीख २९ जून २०२३. वादी संस्था एकच, स्टुडंट्स फॉर फेअर अ‍ॅडमिशन्स. मागे एडवर्ड ब्लम. हे गृहस्थ वकील नाहीत, पण वर्षानुवर्षं असे खटले उभे करणं हेच त्यांचं काम. त्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन दावे लावले, एक हार्वर्डवर आणि एक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठावर. दोन का? एक खाजगी, एक सरकारी. सरकारी विद्यापीठाला चौदाव्या घटनादुरुस्तीतलं समान संरक्षणाचं कलम थेट लागू होतं. हार्वर्ड खाजगी असलं तरी केंद्राचा पैसा घेतं, म्हणून १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं, वंशभेदाला बंदी करणारं, सहावं प्रकरण लागतं. दोन्ही दारं एका किल्लीने उघडायची होती. खालच्या कोर्टांत विद्यापीठं जिंकली, वर हरली. नॉर्थ कॅरोलायनाचा निकाल ६ विरुद्ध ३, हार्वर्डचा ६ विरुद्ध २, कारण न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन हार्वर्डच्या नियामक मंडळावर होत्या, म्हणून त्या खटल्यातून बाजूला झाल्या.

कसोटी जुनीच: सरकारने माणसांना वंशावरून वेगळं वागवलं, तर त्यामागे अत्यंत सबळ कारण हवं आणि उपाय त्या कारणाला बेतून शिवलेला हवा. विद्यापीठं म्हणाली, कारण "विविधता". सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विचारलं, ती मोजणार कशी? पुरेशी झाली हे कोण ठरवणार? जागा ठरलेल्या असताना एकाला दिलेलं वजन दुसऱ्याच्या पारड्यातून येतं. एकाच वंशाचे सगळे एकसारखा विचार करतात असं धरून चालणं हा पुन्हा तोच साचा. आणि हे थांबणार कधी? २००३च्या मिशिगन लॉ स्कूलच्या निकालात न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी अपेक्षा लिहून ठेवली होती की २५ वर्षांनी याची गरज पडू नये. वीस वर्षं झाली तरी विद्यापीठांकडे शेवटची तारीख नव्हती.

आता आजी. निकालाच्या शेवटाकडे रॉबर्ट्स लिहितात की वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला, भेदभावातून, प्रेरणेतून किंवा आणखी कसा, हे विद्यार्थ्याने सांगितलं तर ते विचारात घ्यायला विद्यापीठाला मनाई नाही. पण त्या सांगण्याचा धागा त्या मुलाच्या धैर्याशी, चिकाटीशी, तो कॉलेजला काय देऊ शकेल याच्याशी जोडलेला हवा. पुढच्याच श्वासात दम: आम्ही जे दारातून बंद केलं ते निबंधाच्या खिडकीतून आत आणू नका.

म्हणजे बंधन अर्ज वाचणाऱ्यावर आहे, लिहिणाऱ्या मुलीवर नाही. "ही मराठी, म्हणून घ्या" किंवा "ही एशियन, म्हणून नको" हे दोन्ही वाचणाऱ्याला बंद. "हिने एका चाचणीतली खोट ओळखली आणि पर्याय तयार केला" हे त्याला खुशाल म्हणता येतं.

मुळामुठा

पुण्यातून वाचतोय. म्हणजे तिकडचं आरक्षण रद्द झालं असं समजायचं का? टक्के किती होते?

बोस्टनचा_बंब

मुळामुठा, इथे आरक्षणच नव्हतं! म्हणजे २०२३ मध्ये नव्हतं. ते १९७८ सालीच गेलं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. अ‍ॅलन बाकी नावाचा गोरा अर्जदार दोनदा नाकारला गेला आणि कोर्टात गेला. न्यायमूर्तींत चार एकीकडे, चार दुसरीकडे आणि मध्ये एकटे पॉवेल. त्यांनी एक हात इकडे दिला, एक तिकडे: जागा राखून ठेवणं बेकायदा, पण विविधतेसाठी वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून बघायला हरकत नाही. आदर्श नमुना म्हणून त्यांनी कुणाची पद्धत पुढे केली? हार्वर्डची. ४५ वर्षांनी तीच पद्धत आरोपीच्या पिंजऱ्यात.

मधला टप्पाही मजेशीर आहे. मिशिगन विद्यापीठ पदवीच्या प्रवेशाला १५० गुणांचा तक्ता वापरायचं. शंभर झाले की प्रवेश. काळ्या, हिस्पॅनिक आणि मूळ अमेरिकन अर्जदारांना थेट २० गुण. एसएटी या प्रवेशपरीक्षेला पैकीच्या पैकी मिळवले तर १२. हा तक्ता २००३ मध्ये उडाला. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलची पद्धत टिकली, कारण तिथे आकडा नव्हता, "समग्र" बघणं होतं. थोडक्यात, हिशेब लिहून ठेवला तर बेकायदा, मनात ठेवला तर कायदेशीर. ही मखलाशी फार टिकणार नव्हती, असं माझं मत. निकाल आवडो न आवडो.

खडीसाखर

बंब, माहिती चोख, पण "मखलाशी"वर थांबू नका. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गात जे बसतात ते या चर्चेत कधी दिसत नाहीत.

अल्पमतातलं जॅक्सन यांचं एक उदाहरण वाचा. जॉन आणि जेम्स, दोघे नॉर्थ कॅरोलायनाचे. दोघांच्या घराण्यांची मुळं त्या राज्यात विद्यापीठ स्थापन झालं त्या वर्षापासूनची. जॉनला प्रवेश मिळाला तर त्या विद्यापीठातून पदवी घेणारी ही घराण्याची सातवी पिढी. जेम्सला मिळाला तर पहिली, कारण जेम्स काळा आहे आणि आधीच्या पिढ्यांना दारात उभं केलं जात नव्हतं. जॉनने सात पिढ्यांचा वारसा सांगितला तर तो ऐकायचा, आणि जेम्सचा वारसा मात्र ऐकू आला नाही असं करायचं? कायद्याने वंशाला बिनमहत्त्वाचा ठरवलं म्हणून जगण्यात तो तसा होत नाही, असं त्या लिहितात.

आणि "गुणवत्ता" म्हणणाऱ्यांनी त्याच खटल्यात बाहेर आलेली दुसरी कागदपत्रं बघावीत. वादींचे तज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांनी सहकाऱ्यांबरोबर हार्वर्डच्या आकड्यांवर लिहिलेल्या निबंधात दिसतं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतले किंवा प्राध्यापकांची मुलं होते. काळे, एशियन, हिस्पॅनिक यांच्यात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. टेनिस, नौकानयन आणि तलवारबाजीवाल्यांच्या रांगेला कोर्टाने हात लावलेला नाही.

सरळ_बोलू

ताई, भाषण छान. माझ्या मुलाचे सगळे ए, एसएटी १५६०, रोबोटिक्सचा कॅप्टन. एका नावाजलेल्या कॉलेजाने २०२१ मध्ये सरळ नाही म्हटलं. त्याच्याच वर्गातला त्याच्याहून कमी गुणांचा मुलगा गेला. कारण सगळ्यांना माहीत आहे. आपण इथे बोलत नाही, एवढंच.

खडीसाखर

दादा, वाईट वाटलं असणार, त्यावर वाद नाही. पण कोर्टासमोरचाच आकडा घ्या: हार्वर्डला एका वर्षात ६०,००० वर अर्ज आणि प्रवेश २,०००च्या आत. तुमच्या मुलासारखे हजारो नाकारले गेले आणि त्यात सगळ्या वंशांचे होते. त्या दुसऱ्या मुलाच्या फाइलमध्ये काय होतं, तुम्ही पाहिलंय?

बोस्टनचा_बंब

दोघांनाही थोडं थोडं. सरळ_बोलू, तुमच्या एका केसवरून काही सिद्ध होत नाही, खडीसाखर बरोबर आहेत. पण एशियन पालकांचा संशय अगदी हवेतलाही नव्हता. खालच्या अपील कोर्टाने हार्वर्डच्या बाजूने निकाल देतानाच नोंदवलं होतं की वंश बघितल्याने प्रवेश मिळालेल्या एशियन मुलांची संख्या ११.१ टक्क्यांनी घटते. हार्वर्ड "वैयक्तिक गुण" म्हणून एक श्रेणी देत असे, स्वभाव, धडाडी, मनमिळाऊपणा वगैरे. त्यात एशियन अर्जदारांची सरासरी कमी यायची. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या गुणांत तशी तफावत दिसत नव्हती, हा वादींचा मुद्दा. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये तो तपासला आणि जाणूनबुजून केलेला भेदभाव सिद्ध होत नाही असं ठरवलं.

"स्वभाव" बघायची ही सवय कुठून आली तेही सांगतो. हार्वर्डात ज्यू विद्यार्थी पाचव्या हिश्श्याच्या वर गेले, तेव्हा १९२२ मध्ये अध्यक्ष लॉवेल यांनी १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. प्राध्यापकांनी ती उघडपणे नाकारली. मग काही वर्षांत अर्जावर फोटो आला, चारित्र्य आलं, कोण कुठल्या भागातला हे बघणं आलं. ज्यूंची संख्या खाली आली. परीक्षेच्या गुणांना वळसा घालायची वाट अशी पडली. पुढे त्याच वाटेने काळ्या विद्यार्थ्यांना आत घेतलं गेलं हेही खरं.

प्लेनोचा_पाटील

आमच्या टेक्सासात वेगळीच गंमत हाय. १९९६ ला इथल्या अपील कोर्टानं वंश बघायला बंदी घातली. मग विधिमंडळानं १९९७ ला कायदा केला: राज्यातल्या कुठल्याबी हायस्कूलमधली वरची १० टक्के पोरं, सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. कागदावर वंशाचा शब्द नाही. पण वस्त्या वंशावर वाटलेल्या, म्हणून शाळा वाटलेल्या, म्हणून प्रत्येक शाळेतनं वरची पोरं उचलली की आपोआप सगळ्या रंगाची येत्यात.

आपल्या लोकांचं दुःख काय? आपण घर घेतो ते शाळेचं रेटिंग बघून. मग त्या शाळेत चारशे हुशार पोरं, आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला आता २०२६च्या बॅचपासून वरचे ५ टक्केच आपोआप. आधी ६ होते. माझी पोरगी ९८ टक्के घेऊन शाळेत सत्तरावी. शेजारच्या गावात गेलो असतो तर पहिल्या दहात. बायको रोज ऐकवती.

आणि आपोआप मिळतं ते विद्यापीठ, कॉम्प्युटर सायन्स न्हवं. ते वेगळं.

गोंधळी_बाप

पाटील, घर बदलण्यासाठी कितवीपर्यंत वेळ आहे? मित्रासाठी विचारतोय.

पोटोमॅककाठी

आम्ही व्हर्जिनियात. पाटलांनी सांगितलं त्याचाच धाकटा भाऊ इथे आहे. फेअरफॅक्स काउंटीतलं थॉमस जेफरसन हे विज्ञानाचं हायस्कूल, "टीजे". २०२० मध्ये बोर्डाने प्रवेश परीक्षा काढून टाकली, १०० डॉलरची फी काढली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा ठरवल्या. पहिल्याच वर्षी एशियन मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला. पालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, नियमात वंश नाही पण हेतूत आहे. खाली एकदा जिंकले, अपील कोर्टात मे २०२३ मध्ये हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस आणि अलिटो यांनी तेवढी नाराजी लिहून ठेवली.

माझ्या मते खरी पुढची लढाई ही आहे. चौकट बघणं बंद झालं हा सोपा भाग. पिनकोड बघणं, शाळेनुसार वाटा ठरवणं, "घरातला पहिला कॉलेजला जाणारा" याला वजन देणं, हे सगळं वंश न बघता चालतं. पण ते कशासाठी आणलं ते विचारायचं की नाही? न्याय खात्याने जुलै २०२५च्या सूचनेत असे आडमार्गही बेकायदा ठरू शकतात असं म्हटलंय. सूचना म्हणजे कायदा नव्हे, पण केंद्राच्या पैशावर चालणारं कॉलेज ती वाचून घामेजणारच.

मुळामुठा

मग तुमच्यापेक्षा आपली घटना बरी. आपल्याकडे निदान स्पष्ट लिहिलंय. तिकडे समता म्हणजे काय यावरच दीडशे वर्षं भांडण.

खडीसाखर

मुळामुठा, हे आवडलं. आपल्याकडेही आधी तसंच झालं होतं. चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रासची जातवार वाटणी समतेच्या विरोधात म्हणून उडवली, आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं, मागासवर्गांसाठी खास तरतुदी करायची मुभा देणारं. अमेरिकेच्या घटनेत १५(४) नाही. चौदावी दुरुस्ती १८६८ ची, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केलेली, पण शब्द सगळ्यांना लागू. म्हणून एकच ओळ वाचून थॉमस म्हणतात घटना रंग पाहत नाही, आणि अल्पमतातल्या न्यायमूर्ती सोतोमायोर म्हणतात जखम ज्यांना झाली त्यांच्यासाठीच तर हे औषध होतं. २००८ मध्ये अशोककुमार ठाकूर खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अमेरिकेची ती कठोर कसोटी इथे लागू नाही.

कट्टर_कोकणी

म्हणजे शेवटी तिथल्या कोर्टालाही कळलं की गुणवत्ता महत्त्वाची! आता इथेही ५० टक्क्यांच्या वर जे चाललंय ते

संपादक_मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे अकरा उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. महाराष्ट्रातल्या आरक्षणावर दोन धागे आधीच चालू आहेत, तिकडे जावे. इथे अमेरिकेतल्या प्रवेशांवरच लिहावे.

जुनं_खोड

मी १९७२ साली आलो. तुम्ही सगळे "एशियन" शब्द असा वापरता जणू तो जन्मखुणेसारखा अंगावर आहे, म्हणून थोडं अवांतर.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९४६ मध्ये कायदा बदलला. १९७० च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत मोजलं. मी आलो तेव्हा ऑफिसच्या फॉर्मवर कुठे खूण करायची हे आम्ही चार देशी मिळून ठरवायचो आणि चौघांचं उत्तर वेगळं यायचं. मग आपल्यातल्याच काही संघटनांनी वॉशिंग्टनला अर्जविनंत्या करून आपली वेगळी गणना मागितली आणि १९८० च्या जनगणनेत "एशियन इंडियन" अशी चौकट आली. एका आयुष्यात माझा वंश दोनदा बदलला. त्वचा तीच, आता सुरकुतलेली.

न्यायमूर्ती गोरसच यांनी २०२३च्या निकालाला जोडलेल्या मतात हेच धरलंय. पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया एका पोत्यात, म्हणजे जगातली जवळपास ६० टक्के माणसं एका चौकटीत. एरवी त्यांचं माझं फारसं पटत नाही, पण इथे मान डोलावली. जर्सीतला डॉक्टरचा मुलगा आणि लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या घरातली मुलगी, दोघं "एशियन".

शेवग्याची_शेंग

काका, हा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आबांनी यावर निबंध लिहायला हवा होता, त्यांना नक्की मिळाली असती अ‍ॅडमिशन."

पण माझा पहिला प्रश्न राहिला. रान मोकळं झालं का? २०२३ नंतर आपल्या मुलांची संख्या वाढली?

पोटोमॅककाठी

कुठे वाढली, कुठे घटली. एमआयटीत निकालानंतरच्या पहिल्या बॅचमध्ये एशियन ४७ टक्के झाले, आधी चाळीसच्या आसपास. काळे विद्यार्थी १३ वरून ५ टक्क्यांवर. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजला काळे ११ वरून ३. पण येलला एशियनच ३० वरून २४ वर आले आणि काळे होते तिथेच, १४. प्रिन्स्टनलाही एशियन किंचित घटले. हार्वर्डला एशियन ३७ चे ३७, काळे १८ वरून १४. ब्लम यांनी लगेच येल, प्रिन्स्टन आणि ड्यूकला पत्रं पाठवली की हे कसं, खुलासा करा. त्या सगळ्या एकाच वर्षाच्या बॅच आहेत, आणि चौकट रिकामी ठेवणारेही असतात, त्यामुळे या आकड्यांवर घर बांधू नका. पण "एशियन मुलांना सगळीकडे बोनस मिळाला" हे आकडे तरी म्हणत नाहीत.

सरळ_बोलू

येल चोरून करतंय, दुसरं काय.

बोस्टनचा_बंब

असेलही, नसेलही. ते सिद्ध करायला फाइली उघडाव्या लागतात. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की कॉलेजांनी अर्ज करणारे, प्रवेश मिळालेले आणि दाखल झालेले यांची वंशवार माहिती केंद्राला द्यावी. गंमत बघा, वंश बघायचा नाही हे तपासायला आता पूर्वीपेक्षा जास्त बारकाईने वंश मोजायचा. त्याआधी फेब्रुवारीत शिक्षण खात्याने एक पत्र काढून हा निकाल शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, पदवीदान समारंभ सगळीकडे ताणला होता. ते पत्र ऑगस्टमध्येच मेरिलँडच्या फेडरल कोर्टाने रद्द केलं, कारण नियम करायची रीत पाळली नव्हती.

चौकटीबद्दल: कॉमन अ‍ॅपवर ती आहेच, भरणं ऐच्छिक. निकालानंतर कॉलेजांना ती माहिती लपवायची सोय दिली आहे, म्हणजे फाइल वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि शेंगताई, आडनाव "कर"वर संपत असेल तर चौकट रिकामी ठेवून कुणापासून काय लपवणार?

वाळवंटातली_सुपारी

कॅलिफोर्नियात हे सगळं २५ वर्षं आधी होऊन गेलंय. प्रपोझिशन २०९ लोकांनी १९९६ मध्ये मतदानाने मंजूर केलं, सरकारी विद्यापीठांत वंश बंद. बर्कली आणि यूसीएलएला काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रवेश धाडकन खाली आले. मग विद्यापीठाने शाळांशी जोडून घेणं, गरीब भागांत जाणं, यावर २००४ पासून पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि तरीही हवं ते साधलं नाही, असं त्यांनीच सुप्रीम कोर्टाला लिहून दिलं. २०२० मध्ये बंदी उठवायचा ठराव पुन्हा मतदानाला आला. ज्या निवडणुकीत राज्याने बायडनना भरभरून मतं दिली, त्याच मतपत्रिकेवर तो ५७ टक्के मतं विरोधात जाऊन पडला. आमच्या कॉलनीतही बाहेर एक पाटी आणि मतपत्रिकेवर दुसरंच, असे बरेच असावेत. मी कुठे खूण केली ते सांगणार नाही.

लेगसीचं मात्र हललं. राज्याने २०२४ मध्ये कायदा करून खाजगी कॉलेजांतही माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप द्यायला बंदी केली. खडीसाखर, तुमच्या तलवारबाजांचा नंबर अजून लागायचाय.

मुळामुठा

माझी मुलगी इथून एमएससाठी अर्ज करतेय. तिला याचा काही फरक?

पोटोमॅककाठी

फारसा नाही. बाहेरदेशचे विद्यार्थी सरकारी आकडेवारीत वंशाच्या रकान्यात धरतच नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. तिची डोकेदुखी व्हिसा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको, संपादक बघतायत.

शेवग्याची_शेंग

सगळ्यांचे आभार. बंब यांचा पहिला प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय.

घरातला निर्णय: चौकट भरली. लेक म्हणाली, "मी आहे ते आहे." निबंध आजीचाच राहिला, पण तिने तो उलटा केला. आधी पहिली दोन परिच्छेदं आपण कोण, कुठले, घरात कुठली भाषा यातच जात होती. आता सुरुवातच तपासणीच्या खोलीतल्या "साईबाबा"ने होते आणि मराठी कुठली भाषा हे चौथ्या ओळीत येतं. शाळेच्या काउन्सेलरबाईंनी वाचला. त्यांनी कायद्याचं काहीच विचारलं नाही, दोन स्वल्पविराम बदलले. सासूबाईंची एकच अट: कानाचं यंत्र कितीला पडलं ते लिहायचं नाही.

१ नोव्हेंबरला अर्ली (लवकरच्या मुदतीत) पाठवतोय. डिसेंबरात सांगते.

गोंधळी_बाप

ताई, शुभेच्छा. एक विनंती, ती शब्दांची यादी इथे टाकाल का? आमच्या आईची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मागच्या वेळी "एअरप्लेन"ला ती "ऐरावत" म्हणाली होती.

शेवग्याची_शेंग

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. "घागर" आणि "गाजर" एकापाठोपाठ वाचू नका, तिथेच आमचे दोन्ही चुकले.